ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचं श्रवण कोणतं?



नवविधा भक्तीत पहिलं श्रवण. मग ज्यांना जन्मापासून ऐकूच येत नाही, त्यांनी सुरुवात कुठून करायची? आम्हा सेवेकरी भगिनींमध्ये हा प्रश्न निघाला, म्हणून आज त्यावर थोडं लिहितो आहोत.

२०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. आपण त्यांना सहज 'मुके' म्हणून मोकळे होतो. पण त्यांना भाषा आहे, ती हातांची आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे, चेहऱ्यावरचे भावही त्यातच मोडतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली तिचा कोश काढला तेव्हा त्यात ३,००० शब्द होते. २०२१ मध्ये ते १०,००० झाले.

१८८० साली इटलीत मिलानच्या परिषदेत ठरलं की बधिर मुलांना तोंडी बोलूनच शिकवायचं, खुणा नकोत. त्याचे परिणाम कितीतरी देशांत पोरांनी सोसले. जपानमध्ये १९९५ साली किमुरा हारुमी आणि इचिदा यासुहिरो यांनी ठणकावून मांडलं, की आम्ही बधिर म्हणजे वेगळी भाषा बोलणारा समाज आहोत.

बिदर-कलबुर्गीकडच्या आपल्याला हे कळायला अवघड नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. तिन्ही बोलतो, पण ठेच लागली की तोंडी 'आई गं'च येतं. ती भाषा सोडली तरच तुम्ही शहाणे, असं कुणी म्हटलं तर कसं वाटेल?

आपल्या लेकराने चार शब्द तोंडाने बोलावेत असं आई-वडिलांना वाटणारच. मशीन लावा, बोलायला शिकवा. पण त्याचे हात धरून ठेवू नका.

सत्संगात अशा माणसाला आपण प्रसाद आधी देतो, पुढे बसवतो. प्रवचनात काय सांगितलं, ते मात्र त्याला कोण सांगतं? प्रसाद देणं ही दया झाली. त्याच्या भाषेत त्याला सांगणं हा मान झाला. माणसाला दोन्ही लागतात, पण मानावाचून दया अपुरी.

जपात मानसिक जप श्रेष्ठ मानला आहे. त्यात ओठ हलत नाहीत, आवाज होत नाही. म्हणजे नाम पोचायला कानच लागतो असं नाही. जे मनात उतरलं, ते श्रवण.

या आठवड्याचा संकल्प: 'मुका' हा शब्द सोडू. समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलू. त्या केंद्राचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. नमस्कार, पाणी, जेवण, आई अशा दहा खुणा मुलांसोबत शिकू. २३ सप्टेंबर हा जागतिक सांकेतिक भाषा दिन. तोवर प्रत्येक घरात एकाला तरी त्या याव्यात.

आपल्या फॅमिली ग्रुपवर वाचून दाखवा. जय गुरुदेव!