नकळत घडलेल्या चुकीचा हिशोब

भारताचा पहिला उपग्रह प्रक्षेपक, एसएलव्ही-३, १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला आणि ३१७ सेकंदांत सगळं आटोपलं. सतरा टनांचं ते धूड बंगालच्या उपसागरात जाऊन पडलं. प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि इस्रोचे अध्यक्ष होते सतीश धवन. त्या दिवशी पत्रकारांना धवन स्वतः सामोरे गेले आणि अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच बनावटीच्या प्रक्षेपकानं रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला, तेव्हा पत्रकारांपुढे त्यांनी कलामांना पाठवलं. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या शिबिरांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि व्हॉट्सॲपवर इतक्यांदा सांगून झाली आहे की आता तिला फळ्यावरच्या सुविचाराची कळा आली आहे.

गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी कलामांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. उलटमोजणी संपायला आठ मिनिटं असताना दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून नायट्रिक आम्ल गळू लागलं होतं. एक झडप कचरा अडकून उघडीच राहिली होती. गळती किरकोळ मानून उड्डाण पुढे नेलं गेलं. दुसऱ्या टप्प्याची वेळ आली तेव्हा त्याला दिशा देणारं बळच उरलं नव्हतं. नंतरच्या आढावा बैठकीत तांत्रिक कारणं मांडून झाली, बहुतेकांचं समाधानही झालं. तेव्हा कलाम उठून उभे राहिले. गळती क्षुल्लक ठरवण्याची जबाबदारी माझी, मोहिमेचा प्रमुख म्हणून मी उड्डाण थांबवायला हवं होतं, असं त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं.

म्हणजे या अपयशाला दोन खोल्या मिळाल्या. बाहेरच्या खोलीत, पत्रकारांसमोर, वडीलधारा माणूस पुढे उभा होता. आतल्या खोलीत, सहकाऱ्यांसमोर, ज्याचा निर्णय चुकला त्याला तो स्वतःच्या तोंडानं सांगता आला. सुविचार होतो तो पहिल्या खोलीचा. मला दुसरी अधिक महत्त्वाची वाटते. सामूहिक कामात आपल्या हातून नकळत काही चुकलं आणि सगळ्यांचं नुकसान झालं, तर त्या माणसाला या दोन्ही खोल्या लागतात. आपल्याकडे बहुतेकांना एकही मिळत नाही. मिळतं ते ‘जाऊ दे रे, मनाला लावून घेऊ नकोस’ हे तोंडावरचं वाक्य आणि पाठ वळल्यावरची कुजबुज.

‘मुद्दाम केलं नाहीस ना, मग वाईट कशाला वाटून घेतोस?’ हा युक्तिवाद बुद्धीला पटतो, पण मन त्यानं निवत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नेमका यावर विचार केला होता. त्यांचं उदाहरण एका ट्रकचालकाचं आहे. त्याचा काहीही दोष नसताना एक मूल गाडीखाली येतं. त्याची समजूत घालणं हे आसपासच्या माणसांचं कामच आहे. पण पहिल्याच समजुतीला ‘खरंच, माझा काय संबंध?’ असं म्हणून तो मोकळा झाला, तर समजूत घालणाऱ्यालाच कसंतरी होईल. बाजूला उभं राहून पाहणाऱ्याचं दुःख वेगळं आणि ज्याच्या हातात चाक होतं त्याचं वेगळं. दोष नसला तरी नातं असतं. ही टोचणी त्या नात्याची असते, म्हणून ‘तुझा दोष नाही’ एवढ्यानं ती जात नाही.

वाल्मीकींना हे ठाऊक होतं. आपण श्रावणबाळ म्हणून ओळखतो ती कथा अयोध्याकांडात दशरथ कौसल्येला सांगतो, तीही रामाच्या विरहात, मरणाच्या रात्री. अंधारात घागर बुडण्याचा आवाज आला, हत्ती पाणी पीत असावा असं वाटलं, आवाजाच्या रोखानं बाण सुटला. नंतर दशरथानं पळ काढला नाही. भरलेली घागर घेऊन तो त्या आंधळ्या आईबापांकडे गेला आणि काय घडलं ते त्यानं सांगितलं. त्यावर तो वृद्ध तपस्वी जे बोलतो ते आपल्या बालगोष्टींतून गळून गेलं आहे. तू स्वतः येऊन सांगितलं नसतंस तर तुझ्या मस्तकाची शकलं झाली असती, असं तो म्हणतो. हे तुझ्याकडून अजाणता घडलं म्हणूनच तू जिवंत आहेस, असंही म्हणतो. आणि तरीही पुत्रवियोगाचा शाप देतोच. हेतू, कबुली आणि परिणाम या तीन गोष्टी तिथे वेगवेगळ्या मोजल्या आहेत. हेतू नव्हता याची सूट मिळाली, कबुलीची किंमत मिळाली, पण गेलेला मुलगा काही परत आला नाही.

धर्मशास्त्रकारांनी या भेदाची पद्धतच बसवली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा १९५३ साली निघालेला चौथा खंड पातकं आणि प्रायश्चित्तं यांनाही वाहिलेला आहे. जाणूनबुजून केलेलं पाप आणि अजाणता घडलेलं पाप यांत स्मृतिकार फरक करतात. अजाणता घडलेलं प्रायश्चित्तानं फिटतं, असं याज्ञवल्क्य म्हणतो. रीत अशी, की माणसानं परिषदेपुढे जाऊन आपण काय केलं ते सांगायचं, परिषदेनं प्रायश्चित्त ठरवायचं आणि ते पुरं झालं की समाजानं त्याच्याशी पूर्ववत व्यवहार ठेवायचा. ती परिषद कुणाची होती आणि वर्णानुसार प्रायश्चित्तं कशी बदलत, हे विसरता येणार नाही. ती व्यवस्था परत आणावी अशी मुळीच नाही. पण तिच्यात एक शहाणपण होतं: अपराधाच्या भावनेला तिनं सुरुवात दिली होती आणि शेवटही दिला होता. आज आपण परिषद मोडली ते बरंच केलं, पण तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. त्यामुळे माणूस स्वतःच आरोपी, स्वतःच न्यायाधीश, आणि खटल्याला पुढची तारीख रोज रात्री पडते.

या एकट्याच्या खटल्यात पहिली चूक होते ती वाटा मोजण्यात. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचलं आणि नाहीसं झालं. ते मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचं होतं. प्रत्यक्षात ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरलं. कारण निघालं अगदी शाळकरी. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या संगणक प्रणालीतून बळाचे आकडे पौंडांच्या हिशोबात येत होते आणि ते वापरणारे नासाचे लोक ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालले होते. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. ती प्रणाली लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. पण चौकशीत दिसलं ते असं, की प्रवासाच्या नऊ महिन्यांत मार्ग आखणाऱ्यांना आकड्यांत विसंगती जाणवत होती. ती बोलली गेली, पण रीतसर नोंदली गेली नाही आणि कुणी तिचा पाठपुरावा केला नाही. माणसं चुका करतातच, ती चूक पकडता आली नाही हे आमच्या व्यवस्थेचं अपयश, अशी भूमिका नासानं घेतली.

‘सगळं माझ्यामुळे बुडालं’ असं म्हणणाऱ्याकडे म्हणूनच थोडं संशयानं पाहावं, आणि असं म्हणणारे आपण स्वतः असलो तर अधिकच. ऐकायला ते नम्र वाटतं, पण त्यात एक लपलेला मोठेपणा असतो. एवढा मोठा डोलारा माझ्या एकट्याच्या खांद्यावर होता, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय त्यानं बाकीच्यांची सोय होते. एकानं सगळा दोष ओढून घेतला की तपासणी न करणारे, घाई करणारे, पैसे वाचवणारे सगळे सुटतात आणि तीच चूक पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हातून व्हायला मोकळी राहते. उलट ‘चूक व्यवस्थेची आहे’ असं म्हणून सगळेच जण गर्दीत मिसळले, तरी निकाल तोच. या दोन्ही पळवाटांत एकच गोष्ट टळते, ती म्हणजे नेमका हिशोब: यातलं माझं किती?

हा हिशोब सहकाऱ्यांत झाला नाही तर काय होतं ते बॉब एबेलिंग या अमेरिकी अभियंत्याच्या आयुष्यात दिसतं. चॅलेंजर हे अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. थायोकॉल या कंपनीत एबेलिंग त्या यानाच्या अग्निबाणांवर काम करत. आदल्या रात्री त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इशारा दिला होता की एवढ्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी नीट बसणार नाहीत, उड्डाण थांबवा. वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला. म्हणजे या माणसाची चूक जवळजवळ नव्हतीच. तरी आपण अजून काही करायला हवं होतं, ही खंत त्यांनी तीस वर्षं बाळगली. लवकर निवृत्ती घेतली आणि युटामधल्या पुरानं उद्ध्वस्त झालेल्या एका पक्षी अभयारण्याच्या उभारणीत वर्षानुवर्षं विनामोबदला राबले. हातांना काम मिळालं, पण मन सुटलं नाही.

दुर्घटनेला ३० वर्षं झाली तेव्हा, २०१६ मध्ये, अमेरिकी नभोवाणीवर त्यांची मुलाखत झाली. ती ऐकून शेकडो अनोळखी लोकांनी धीराची पत्रं लिहिली. त्यांचा आधार वाटला, पण काहीतरी कमी होतं. नासाकडून आणि थायोकॉलकडून शब्द आला नव्हता. मग त्या वेळच्या वरिष्ठांनी संपर्क साधला, आणि त्या रात्री अभियंत्यांचा सल्ला बाजूला सारणाऱ्यांपैकी दोघांनीही हे ओझं तुमचं नाही असं कळवलं. नासानंही निवेदन पाठवलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्या मार्चमध्ये, ८९व्या वर्षी एबेलिंग वारले, आणि जाताना ते बरेच हलके झाले होते असं त्यांच्या जवळच्यांनी सांगितलं. परक्यांनी दिलेली माफी लागू पडत नाही. ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांचाच शब्द लागतो. हा शब्द १९८६ मध्येही देता आला असता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० साली असं मांडलं, की उपचारात चूक झाली की रुग्णापाठोपाठ ती चूक करणारा डॉक्टरही घायाळ होतो आणि त्यालाही आधार हवा. पुढे रुग्णांच्या नातेवाइकांनी विचारलं, आमच्या दुःखाच्या रांगेत तुम्ही कसे उभे राहता? उत्तर एकच: रांगेत क्रम असतो. ज्याचं नुकसान झालं तो पहिला. त्याच्यापुढे रडून त्यालाच आपली समजूत घालायला लावणं हा दुसरा अपराध. त्याला हवी असते माहिती, भरपाई आणि पुन्हा असं होणार नाही याची खात्री. आपलं मन मोकळं करायला सहकारी आहेत, मित्र आहेत, गरज पडली तर समुपदेशक आहेत.

अग्निबाण आणि अंतराळयानं आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतात. पण राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगात भलत्या क्षणी दिवे घालवणारा प्रकाशयोजनाकार असतो, आणि नाटक अंतिम फेरीला जात नाही. मुदतीच्या दिवशी एक कागद राहिला म्हणून बचत गटाचं कर्ज नामंजूर होतं. सोसायटीच्या पुनर्विकासात कुणाच्या तरी भिडेपोटी न वाचता सही होते. अशा वेळी काय होतं? पहिले काही दिवस कुणी विषय काढत नाही. मग तो माणूस हळूहळू यायचा बंद होतो. पुढच्या वर्षी नवी मंडळी येतात आणि तीच चूक नव्यानं करतात. संस्थेचा तोटा दुहेरी होतो. काम बुडतं, आणि त्या चुकीतून शिकलेला एकमेव माणूसही हातचा जातो.

ज्याच्या हातून चूक घडली त्यानं आधी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: मी काय केलं, तेव्हा मला काय माहीत होतं, आणि आता पुन्हा तीच वेळ आली तर काय करीन. यातली मधली ओळ सर्वांत अवघड, कारण आज जे ठाऊक आहे ते तेव्हाही ठाऊक होतं असं वाटण्याची मनाला खोड असते. मग हे तिन्ही मुद्दे संबंधितांसमोर एकदा मांडावेत, रडगाणं न करता आणि दुसऱ्यांची नावं न घेता. भरपाईचं जे जमेल ते करावं, त्याची मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवावी, आणि ती पुरी झाली की थांबावं. त्यापुढची खंत उरेलही, पण ती जन्मठेप होता कामा नये.

संस्थांचं काम याहून कठीण आहे, आणि माझी विनंती त्यांनाच आहे. या वर्षी तुमच्या मंडळात, पतसंस्थेत, कार्यालयात एखादं काम फसलं असेल, तर ‘कुणी केलं’ हे विचारायच्या आधी एक बैठक फक्त ‘काय झालं’ यासाठी घ्या. वयानं आणि पदानं जो मोठा असेल त्यानं आपला वाटा पहिल्यांदा सांगावा, म्हणजे बाकीच्यांना तोंड उघडता येईल. जे ठरेल ते इतिवृत्तात नोंदवा. बाहेरच्यांपुढे आपल्या माणसाला उघडं पाडू नका आणि आत त्याला खोटं समाधान देऊ नका. आणि एवढं झाल्यावर पुढच्या कामाची यादी कराल, तेव्हा त्याचं नाव गाळू नका.