उंच टाचेचा पुरुष

२०२५च्या जूनमध्ये मिलानला प्रादाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इकडे कोल्हापूर पेटून उठलं. कुठे कोल्हापूरचं नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही. २०१९मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. त्यामुळे राग श्रेयाचा होता, पैशाचा होता आणि तो रास्तच होता. पुढे कंपनीने कोल्हापुरीचं ऋण मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. तो शो पुरुषांच्या कपड्यांचा होता.

कोल्हापूरला याचं नवल वाटायचं कारणच नव्हतं. इथे पायातली हौस पुरुषाची असते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, थरावर थर चढवून केलेला जाड तळ, वर बारीक वेणी, मधोमध लाल गोंडा. कापशीची चप्पल घालणारा गडी ती नुसती पाय झाकायला घालत नाही. तळाच्या थरांत आवाज करणारा ‘विंचू’ घालून घ्यायचा, म्हणजे पाऊल टाकलं की करकर वाजलं पाहिजे. माणूस गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळलं पाहिजे, कोण येतंय ते. चप्पल जितकी जड, तितका रुबाब. उंची, वजन, आवाज, नक्षी, गोंडे: पायाकडे लोकांची नजर वळावी म्हणून जे जे करता येईल, ते सगळं कोल्हापूरच्या पुरुषाने केलं आहे आणि त्याला कुणी बायकी म्हटलेलं नाही.

मग त्याच गल्लीतून उद्या एखादा तरुण तीन इंचांची टाच घालून चालत गेला, तर काय होईल? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आधी शिट्टी, मग मोबाईल, मग घरी निरोप. दोन्ही वेळी पायात कातडंच आहे, दोन्ही वेळी माणूस मिरवतोच आहे. फरक कुठून आला, हे शोधायचं तर टाचेचाच माग काढावा लागतो.

टाच जन्मली ती पुरुषाच्या पायाखाली. इराणी घोडेस्वार धनुष्य ओढताना रिकिबीत उभे राहत. पाय निसटू नये म्हणून बुटाला टाच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाह अब्बासने युरोपातल्या दरबारांकडे दूत पाठवले, इराणी गोष्टींचं आकर्षण तिकडे वाढलं आणि तिथल्या सरदारांनी टाच उचलली. स्त्रियांनी ती नंतर घेतली, पुरुषांकडून. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे घालायचा; १७०१मध्ये रिगो या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या भव्य चित्रात त्या टाचा आजही दिसतात. त्या काळी लाल टाच म्हणजे दरबारातला मान. अठराव्या शतकात वारं फिरलं. पुरुष म्हणजे बुद्धी आणि काम, नटणं म्हणजे बाईचं, अशी वाटणी झाली आणि रेशीम, जर, भडक रंग यांच्याबरोबर टाचही पुरुषाच्या अंगावरून उतरली. टोरांटोच्या बाटा शू म्युझियममध्ये २०१५ साली एलिझाबेथ सेमेलहॅक या संशोधिकेने पुरुषांच्या टाचांवर आख्खं प्रदर्शनच मांडलं होतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. १९७०च्या दशकातले कौटुंबिक अल्बम उघडून पाहावेत. बेलबॉटम, मोठ्या कॉलरचा शर्ट आणि खाली जाड टाचेचे बूट. हिंदी सिनेमाच्या नायकांनी घातले म्हणून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. आज सत्तरीत असलेल्या कित्येक आजोबांनी ती टाच घालून कॉलेज केलं, मुली पाहायला गेले, लग्नंही केली. त्यांच्या पुरुषपणाला काही झालं नाही. आजही उंची वाढवणारे बूट पुरुषांसाठी विकले जातात. त्यांत टाच आतल्या बाजूला दडवलेली असते. लग्नाच्या बाजारात उंची लागते, म्हणून ती चालते. म्हणजे समाजाचा आक्षेप टाचेच्या उंचीला नाही. पुरुषाने ती उघड, आनंदाने, सुंदर दिसायला म्हणून घातली की घोडं अडतं.

आणि इथे कोल्हापूरचा इतिहास काही वेगळंच सांगतो, कारण सुंदर दिसणारा पुरुष या शहराने डोक्यावर घेतला होता. केशवराव भोसले १८९०मध्ये कोल्हापुरात जन्मले. लहान वयात त्यांनी ‘शारदा’ नाटकात रंगवलेली शारदा गाजली. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरला आज त्यांचंच नाव आहे. बालगंधर्वांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार व्हावेत म्हणून महाराजांनीच लक्ष घातलं होतं आणि मिरजेतच १९०५मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. पुढे स्त्रीभूमिकांतली त्यांची साडी, त्यांची केशरचना, त्यांचे दागिने यांचं अनुकरण खानदानी घरांतल्या बायका करू लागल्या. एका पुरुषाने बाईला नटायला शिकवावं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटू नये, असा काळ महाराष्ट्राने पाहिला आहे. जुलै १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघांचं संयुक्त ‘मानापमान’ नाटक झालं. त्यात बालगंधर्व भामिनी आणि एकेकाळची शारदा, म्हणजे केशवराव, शूर धैर्यधर. एकाच गळ्यात शारदाही मावते आणि धैर्यधरही, हे प्रेक्षकांनी सहज स्वीकारलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

पण या सोन्याच्या काळालाही कुंपण होतं. परवानगी रंगपटाच्या दारापाशी संपायची. बाहेर पडताना धोतर, कोट, टोपी. शिवाय ती परवानगी मिळाली होती एका अन्यायाच्या पोटी: घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही म्हणून पुरुषाने तिची जागा घ्यायची. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी १९२०मध्ये ‘सैरंध्री’ चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. ते योग्यच झालं. मात्र बाई हक्काने आली तेव्हा नटलेल्या पुरुषाचं काय करायचं, याचं उत्तर कुणी दिलं नाही. त्याच्यासाठी उरलं ते हसं.

ते हसं कोल्हापूरच्या गणपत पाटलांच्या वाट्याला आलं. तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील, हे समीकरण कित्येक वर्षं टिकलं. लचकत चालायचं, हात झटकायचे, थिएटर हसून लोटपोट. उत्तम नट होते ते. पण बालगंधर्वांची भूमिका रंगपटात उतरत होती आणि पाटलांची मात्र त्यांच्या मागे घरापर्यंत आली. संसारी माणूस असूनही लोकांनी त्यांच्या पुरुषपणावर संशय घेतला. त्याचा सल त्यांना आयुष्यभर राहिला. २००८मध्ये ते गेले. कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत हीच जखम उघडी केली: पहिलवानी शरीराचा गुणा कलेच्या वेडापायी नाच्या होतो आणि गाव त्याला माणसातून उठवतं. २०१०मध्ये रवी जाधव यांनी त्यावर चित्रपट केला तेव्हा अतुल कुलकर्णींनी एकाच भूमिकेसाठी शरीर आधी कमावलं आणि मग उतरवलं. प्रेक्षक गहिवरले. गावच्या नाच्याकडे पाहण्याची नजर त्या चित्रपटाने किती बदलली, हा प्रश्न वेगळा.

तिसरी परवानगी देवाची. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून एसटी भरभरून सौंदत्तीला रेणुकेच्या यात्रेला जातात. परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा. चौंडकं वाजतं, भंडारा उधळतो, डोक्यावर देवीचा ‘जग’ घेतलेला जोगता साडी नेसून नाचतो आणि बायाबापड्या त्याच्या पाया पडतात. त्या दिवशी तो देवीचा. दुसऱ्या दिवशी त्याला भाड्याने खोली मिळत नाही. गडहिंग्लज-गारगोटी भागातल्या राजन गवसांनी ‘भंडारभोग’मध्ये या माणसाचं जगणं आतून मांडलं. ‘जोगवा’ चित्रपटात उपेंद्र लिमये यांनी जोगता उभा केला, त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कार रास्त होता. जोगत्याला शाळा, नोकरी, घर मिळणं हे तेव्हाही बाकी होतं आणि आजही बरंचसं बाकीच आहे.

नाटक, तमाशा, यात्रा. तिन्ही ठिकाणी आपण भूमिकेला मान्यता दिली आणि ती करणाऱ्या माणसाला दिली नाही. उंच टाचेचा तरुण नेमका इथेच अडतो, कारण तो कुठलीच भूमिका करत नसतो. त्याच्यामागे पडदा नाही, देवी नाही, तिकीट काढलेले प्रेक्षक नाहीत. तो फक्त कामाला किंवा कॉलेजला निघालेला असतो. शिवाय तो समलिंगी किंवा तृतीयपंथी असेलच असंही नाही. असला तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०१८च्या निकालांनी त्याची बाजू स्पष्ट केली आहे. नसला तर आवड एवढं कारण पुरेसं असायला हवं.

टाच ही काही फार गुणाची वस्तू नव्हे. पोटऱ्या आखडतात, बोटं दबतात, घोटा मुरगळतो. अस्थिरोगतज्ज्ञ बायकांना वर्षानुवर्षं हे सांगत आले आहेत. तरीही बायकांवर तिची सक्ती होते. २०१५च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प या तरुणीला स्वागतकक्षाच्या कामावर सपाट बूट घालून आली म्हणून घरी पाठवलं गेलं. तिच्या याचिकेवर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि प्रश्न ब्रिटिश संसदेत पोहोचला. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावाने अशाच सक्तीविरुद्ध मोहीम उघडली. जी टाच बाईला घालावीच लागते, तीच पुरुषाला घालता येत नाही. नियम एकच आहे, त्याची दोन टोकं फक्त दोघांच्या पायांना बांधली आहेत. म्हणून पुरुषाच्या टाचेचा प्रश्न बाईच्या सपाट चपलेच्या प्रश्नाबरोबरच सुटेल, एकटा सुटणार नाही.

सुटायची सुरुवात अगदी लहान गोष्टींतून होऊ शकते. बायकांची टाचेची पादत्राणं पुरुषाच्या पायाच्या मापात सहसा मिळत नाहीत. ज्याला हवी असतात तो लपूनछपून ऑनलाइन मागवतो, माप चुकलं तर परत पाठवायलाही बिचकतो. कोल्हापूरच्या कारागिराला हे अवघड नाही. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारून माप घेणारी माणसं आहेत ती. थर चढवून टाच उंच करणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हातखंडा. चप्पल लाईनमधल्या दुकानदाराने अशी मागणी आली तर ‘कुणासाठी?’ न विचारता माप घ्यावं. कॉलेजांनी गॅदरिंगमध्ये साडी नेसलेल्या मुलाला टाळ्या द्यायच्या आणि सोमवारी कानात डूल घालून आला म्हणून प्राचार्यांपुढे उभं करायचं, हे थांबवावं. कंपन्यांनी कपड्यांच्या नियमातून टाचेचा उल्लेखच काढून टाकावा, बायकांसाठीही आणि पुरुषांसाठीही.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी. कोल्हापूर हळहळलं, ते पुन्हा उभं राहावं म्हणून सगळे एकवटले. शारदा रंगवणाऱ्या नटाच्या नावाच्या वास्तूवर इतकं प्रेम असणाऱ्या शहराकडून, तिथून बाहेर पडून रस्त्याने घरी जाणाऱ्या नटलेल्या मुलालाही सुखरूप जाऊ देण्याची अपेक्षा ठेवणं अवास्तव नाही.