सवयीची स्मृती

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाची सुटी बहुधा घरचा पसारा आवरण्यातच जाते. आमचा गेला रविवार घरच्या संगणकावरील पसारा आवरण्यात गेला. त्यातून जो प्रश्न निघाला तो पसाऱ्याहून मोठा वाटला, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संगणकावर हवी ती आज्ञावली उघडण्याचे दोन मार्ग आहेत. माउसने यादी उघडून चित्रे धुंडाळीत जाणे हा एक. आणि दोन कळा एकदम दाबून समोर येणाऱ्या रिकाम्या चौकटीत नावाची दोन-चार अक्षरे लिहिणे हा दुसरा. या दुसऱ्या सोयीस लाँचर म्हणतात. मॅकवर २००३ साली आलेल्या क्विकसिल्व्हरने ही रीत अनेकांच्या अंगवळणी पाडली. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने २०२० साली पॉवरटॉइज रन दिला. आमचा संगणक लिनक्सवर चालतो. तेथे यूलाँचर, डीमेन्यू, रोफी असे अनेक पर्याय आहेत. कार्यालयातील संगणकावर काय असावे हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु घरी निवड आमची, म्हणून जबाबदारीही आमचीच.

वेगात यांतील कोणीच मागे नाही. भेद आहे तो स्मृतीचा. यूलाँचर आपली पूर्वीची निवड ध्यानात ठेवतो आणि पुढच्या खेपेस तीच वर आणून ठेवतो. डीमेन्यू मूळ रूपात काहीच स्मरत नाही. लिहिलेल्या अक्षरांशी तंतोतंत जुळणारे नाव आधी, त्या अक्षरांनी आरंभ होणारी नंतर, पोटात ती अक्षरे असणारी शेवटी, एवढाच त्याचा न्याय. रोफी स्मरतो, पण विसरावयास सांगितले तर विसरतोही. तेव्हा निवडीचा प्रश्न असा उरला, की साधनाने आमची सवय लक्षात ठेवावी काय?

प्रथम आम्हांस यात प्रश्नच दिसला नाही. सेवकाने धन्याची आवड ओळखावी यात वाईट ते काय? परंतु त्याच रविवारी दुपारी कऱ्हाडास वडिलांना पत्र लिहावे म्हणून आम्ही बसलो. त्यांना फोनच्या पडद्यावरील बारीक अक्षर वाचवत नाही. मोठ्या टंकात छापून टपालाने गेलेले पत्र मात्र ते दोनदोनदा वाचतात. यूलाँचरच्या चौकटीत ‘लिबर’ एवढे लिहून आम्ही एंटर दाबले, आणि उघडले ते कॅल्क. समोर प्रवासभत्त्याचे अपुरे कोष्टक होते. ते पुरे करता करता दिवेलागण झाली. पत्र राहिलेच.

रात्री दोष कोणाचा हे पाहू लागलो, तेव्हा लाँचर निर्दोष ठरला. गेल्या चार महिन्यांत आम्ही कॅल्क रोज उघडले होते आणि रायटर एकदाही नाही. त्याने वर आणून ठेवले ते आमचेच आचरण होते. वारंवार केलेल्या कृतींतूनच शील घडते असे अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे. ते खरे असेल तर ती यादी म्हणजे आमच्या शीलाचा उताराच होय.

तरीही मन ते मान्य करीना. यंत्र मोजते ते किती वेळा केले एवढेच. गरजेने केले की आवडीने, हे त्याला कळत नाही. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत. कोष्टक आमचे श्रेय नव्हते आणि प्रेय तर नव्हतेच; ते केवळ परिचित होते. आणि परिचिताचा धोका हाच, की ते निवडावे लागत नाही, आपोआप घडते. साधनाची स्मृती ही अशी साक्षीदारही असते आणि साथीदारही.

मग विसरणारे साधन घेतले की प्रश्न सुटला काय? आम्ही रोफी बसविला आणि त्याची स्मृती बंद केली. आता नावे वर्णानुक्रमे येऊ लागली. आणि पाहतो तो, इंग्रजी वर्णमालेत कॅल्क पहिले, रायटर अगदी शेवटी! वर्णमालेलाही आमच्या वडिलांची काळजी नाही, हे पाहून आम्हांस हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

जेथे कार्याचे उद्दिष्ट आधीच ठरलेले असते, तेथे सवयीने वेळ वाचवावा. खिडकीपाशी नागरिक उभा असता कारकुनाने आत्मचिंतन करीत बसू नये. परंतु आपला म्हणून जो थोडा वेळ उरतो, त्यात काय करावयाचे हे दर वेळी नव्याने ठरविले पाहिजे, आणि त्यासाठी क्षणभर अडखळणेही इष्ट आहे. ही अडखळण साधन देऊ शकते. इच्छा मात्र देऊ शकत नाही. ‘लिबर’वर न थांबता रायटरचे नाव आपल्यालाच पुढे लिहावे लागते.

त्या रात्री आम्ही ते लिहिले. पान उघडले, ‘तीर्थरूप नानांस शिरसाष्टांग नमस्कार’ एवढे टंकून झाले, आणि चार महिन्यांचे काय सांगावे याचा विचार करीत आम्ही बराच वेळ बसलो. पत्र सोमवारी टपालात पडले.