आळ्याला कठडा

गोरोबाकाकांच्या आळ्याला कठडा का नव्हता, हा प्रश्न मला भर कीर्तनात पडला. आजूबाजूच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. बुवा रंगात आले होते. तेरचा कुंभार अंगणात चिखल तुडवतोय, मुखी विठ्ठलाचं नाव, डोळे मिटलेले, आणि रांगतं लेकरू बापाकडं झेपावत येऊन आळ्यात पडतं. बुवांचा सगळा भर तल्लीनतेवर. देहभान कसं हरपलं, पायाखाली काय आलं तेसुद्धा कसं कळलं नाही. टाळ वाजत होते आणि मी मनात मोजत होते, की आळं दारापासून किती पावलांवर असेल, चार विटांचा आडोसा करायला काय झालं होतं, लेकराला झोळीत का नव्हतं घातलं.

भक्तीच्या गोष्टीला असले प्रश्न विचारू नयेत, एवढं मला कळतं. पण मी घरात धंदा करते. सोलापुरात २००८ पासून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकते. माझं आळं म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्यालाही कठडा नाही.

पाकिटावरच्या स्टिकरवर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर छापावा लागतो, खाली व्यवसायाचा पत्ता. तो पत्ता आणि रेशनकार्डावरचा पत्ता एकच. ओट्याच्या डाव्या अंगाला गिऱ्हाईकाच्या भाकरी, उजव्या अंगाला घरची आमटी. वर फळीवर देव. नैवेद्य चाखायचा नसतो आणि चटणी चाखल्याशिवाय पाकिटात भरायची नसते, तेव्हा एकाच हाताला दिवसातून दहा वेळा आठवण द्यावी लागते की आत्ता तू कुणासाठी चालतोयस. लोक म्हणतात, बरं आहे तुमचं, घरबसल्या कमाई. त्या शब्दातलं ‘घर’ खरं आहे. बसणं मात्र सतरा वर्षांत फारसं जमलेलं नाही.

कडक भाकरी दिसते सोपी. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी घ्यायची (तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि दुकानदारांनी भाव चढवले, पण तिच्यासारखी चव दुसऱ्या ज्वारीला नाही). उकळत्या आधणात पीठ भिजवायचं, मळून मळून चिकटपणा आणायचा आणि पातळ थापायची. मध्ये जाड राहिली की आत ओल राहते, आठ दिवसांत वास मारते. भाजून झाली की धगीशी उभी करायची, हळूहळू सगळं पाणी निघून जाऊ द्यायचं. घाई केली तर वाकते, विसरलं तर करपते. एका किलोत माझ्या वीस-बावीस होतात. चटणीचे दाणे मी अजून उखळात कुटते, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये त्याची पूड होते, चटणी होत नाही.

२००९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. धाकटा दोन वर्षांचा होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही; तेव्हा आमच्या भागात चार दिवसांआड यायचं आणि आलं की सगळी गल्ली हांडे घेऊन धावायची. त्या दिवशी सकाळी पाणी आलं. सासूबाई घागर घेऊन खाली उतरता उतरता म्हणाल्या, “लेकराकडं बघ गं.” मी हो म्हणाले. खरंच म्हणाले, मला आठवतंय. लग्नाच्या रुखवताची ऑर्डर होती, मी उभ्या केलेल्या भाकरी मोजत होते. एकशे बारा, एकशे तेरा. एकशे चौदाला आधणाचं पातेलं पडल्याचा आवाज आला.

वाचला. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आई कुठं होती? मी म्हटलं, तिथंच होते. तीन हातांवर.

म्हणून मला कीर्तनातलं एक वाक्य टोचतं. बुवा ते घाईत उरकतात. संती पाणी आणायला गेली होती आणि जाताना नवऱ्याला सांगून गेली होती, लेकराकडं लक्ष ठेवा. सातशे वर्षांपूर्वीच्या तेरमध्येही पाणी लांबच होतं आणि सांगून जाणारी बाईच होती.  पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतीचा आकांत, गोरोबांचा राग, तिनं घातलेली विठ्ठलाची शपथ, की मला हात लावायचा नाही. ती शपथ त्यांनी इतकी पाळली की नकळत मोडल्यावर स्वतःचे हात तोडून घेतले. मग हात नसलेल्या कुंभाराच्या घरी देव आला. विठू कुंभार होऊन त्यानं चाक फिरवलं, मडकी घडवली, रुक्मिणीनं हातभार लावला, गरुड म्हणे गाढव झाला. हा भाग बुवा फार रंगवतात आणि मलाही तो आवडतो. शेवटी पंढरपुरात हात परत, लेकरूही परत.

पण देव आला तो धंदा सांभाळायला. आमच्या सगळ्या गोष्टींत देव कामाला येतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. जनाबाईबरोबर दळण दळतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षं पाणी भरतो. कामाला बाई मिळत नाही म्हणून रडणाऱ्या आम्हा बायकांना याचं केवढं अप्रूप. मात्र आई पाण्याला गेलेली असताना अर्धा तास लेकराजवळ बसायला त्या दिवशी तेरमध्ये कोणी आलं नाही. हे मी तक्रार म्हणून म्हणत नाही. थोडी तक्रार आहेच.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी खोटं बोलल्यासारखं होईल. पहाटे चारला मी उठते. घर झोपलेलं असतं. काठवटीवर गोळा ठेवला की तळवा आपोआप फिरायला लागतो, भाकरी गोल गोल सरकते, कडेला बोटं पोचतात. थाप, थाप, थाप. दहाव्या-पंधराव्या भाकरीनंतर कुणीतरी मला उचलून बाजूला ठेवतं. तेव्हा मी कुणाची आई नसते, कुणाची सून नसते, कर्जाचा हप्ता नसतो, गुडघा दुखत नाही. सहाला भानावर येते तर साठ भाकरी उभ्या. देवघरात अर्धा तास बसून मला जे कधी मिळालं नाही, ते मला काठवटीशी मिळतं. गोरोबाकाकांना आळ्यात काय मिळत असेल, याची मला चांगली कल्पना आहे. म्हणून त्यांच्यावर मला नीट रागावताही येत नाही.

अडचण आहे ती इथंच. ज्या सुखात लेकराची हाक पोचत नाही, त्या सुखाला मी देव म्हणू का?

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, लिंगायत. आमच्याकडं कामाला पूजेइतकंच मानायची शिकवण बाराव्या शतकातल्या शरणांपासून, म्हणजे बसवण्णांच्या संतमंडळींपासून, चालत आलेली. कायक म्हणजे नुसता धंदा नव्हे. पोटासाठी केलेलं, प्रामाणिक आणि दुसऱ्याच्या मुखी घास जाईल असं काम. ते सोडून कैलास शोधायला जायचं नाही. आजी हे सांगायची आणि पाठोपाठ लक्कम्माची गोष्ट सांगायची. कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मारय्या नावाचा शरण होता. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचायचे, हेच त्याचं कायक. त्यावर घर चालायचं आणि जंगमांचं जेवण व्हायचं. एकदा बसवण्णांनी मुद्दाम जास्त तांदूळ सांडवले. मारय्या खुशीत भरलेली ओटी घेऊन घरी आला. त्याची बायको लक्कम्मा दारातच म्हणाली, हे आपल्या रोजच्यापेक्षा जास्त आहेत, आपले तेवढे ठेवा, बाकीचे जिथं होते तिथं टाकून या. दुसऱ्या एका वेळी तो थोर शरण अल्लमप्रभूंशी तत्त्वचर्चेत एवढा रमला की तांदूळ वेचायचंच विसरला. तेव्हाही लक्कम्मानंच आठवण दिली, की गप्पा पुरे, कामाची वेळ झाली.

लहानपणी मला ती कजाग वाटायची. आता वाटतं, तिला माप कळत होतं. जास्त झालं तेव्हा जास्त म्हणाली, कमी पडलं तेव्हा कमी म्हणाली. आणि हे ती करू शकली, कारण ती दारात उभी होती. वेचणारा दुसरा होता.

आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनाही असं विचारणारं कुणीतरी भेटलं होतं. ते तळं खोदत होते, देवळं उभारत होते, हजार हात कामाला लावलेले. तिथं अल्लमप्रभू आले आणि त्यांनी हा माती खणणारा वड्डर सिद्ध कुठं आहे, अशी चौकशी केली. मजूर चिडले, दगड घेऊन धावले. कन्नडमधल्या ‘शून्यसंपादने’त हा प्रसंग आहे. अल्लमांचं म्हणणं मला समजलं ते असं, की लोकांच्या भल्याचं काम असलं तरी त्याचाही एक संसार होऊन बसतो आणि माणूस त्यात अडकतो. सिद्धरामेश्वर रागावले, पण ऐकलं, आणि त्यांच्याबरोबर कल्याणला गेले. तळं अजून आहे. संक्रांतीच्या वेळी त्याच्या काठी गड्ड्याची जत्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांचा पूर येतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. भोगीच्या तिळाच्या भाकरीच्या ऑर्डरींपायी सलग नऊ वर्षं मी त्या अक्षता पाहिल्या नाहीत. लाऊडस्पीकरवर ऐकल्या, थापता थापता.

गोरोबांना संती होती, मारय्याला लक्कम्मा, सिद्धरामांना अल्लम. काम हाच देव म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या गोष्टीत कामाच्या बाहेर उभं राहून बोलणारं एक माणूस आहे. ते ऐकलं किंवा ऐकलं नाही, यावर पुढची गोष्ट वळते. घरात धंदा करणाऱ्या बाईचं काय? चिखल तुडवणारीही मीच, पाण्याला जाताना लक्ष ठेवा म्हणणारीही मीच. तांदूळ जास्त वेचणारीही मी आणि दारात उभं राहून जास्त झाले म्हणायचं तेही मलाच. एका अंगात दोघींनी राहायचं. त्यात एकीच्या हातात फोन असतो, म्हणून बहुतेक वेळा तीच जिंकते.

पाचेक वर्षांपासून पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. कुरिअरनं भाकरी जायला लागल्या, काही चुरा होऊन पोचायला लागल्या. रात्री अकराला फोटो येतो, ताई, हे बघा. मी अंथरुणातून उठून माफी मागते. मिस्टर एकदा म्हणाले, दुकान असतं तर कुलूप तरी लावलं असतंस. खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी मी पाटीवर खडूनं लिहिलं, दिवसाला दीडशे, रात्री आठनंतर फोन नाही. पाटी ओट्याच्या वर टांगली. ती पुसली जाते, मी पुन्हा लिहिते. आकडा कधी दीडशे असतो, कधी मीच दोनशे करते, मग कुणाच्या लक्षात यायच्या आत परत दीडशे. लक्कम्माला असं खाडाखोड करताना मी कधी ऐकलं नाही.

गेल्या चैत्रात धाकट्याला घेऊन तेरला गेले. तो आता अठराचा, आणि त्याला गोरोबाकाकांपेक्षा तिथलं वस्तुसंग्रहालय बघायचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचं नाव तगर होतं आणि इथला माल रोमपर्यंत जायचा, हे त्यानं कुठंतरी वाचलेलं. लामतुरे नावाच्या गृहस्थांनी जमवलेल्या तिथल्या वस्तूंत भाजलेल्या मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती पाहिल्या, कुणाच्या तरी अंगणात घडवलेल्या. मग देवळात गेलो, मग गोरोबाकाकांचं म्हणून दाखवतात त्या घरी. पुण्यतिथी जवळ आलेली, माणसांची रेटारेटी. मी उंबऱ्याशी थांबून आळं नेमकं कुठं असेल ते डोळ्यांनी शोधत होते. मागची बाई म्हणाली, अहो मावशी, पुढं सरका की.

बाहेर आलो तोवर फोन वाजला. आठ वाजायला अवकाश होता, तेव्हा मी उचलला. पिंपरीचं जुनं गिऱ्हाईक, बारसं होतं, शनिवारपर्यंत भाकरी हव्या होत्या आणि दोन किलो चटणी. माझ्याकडं कागद नव्हता. मी पोराला खुणावलं, त्यानं खिशातून पेन काढलं आणि डाव्या हातावर लिहून घेतलं, त्या आक्रसलेल्या कातडीवरच. तिथं आता त्याला काही जाणवत नाही, असं तो म्हणतो.

एसटीत बसल्यावर मी त्याचा हात ओढून वाचला. चटणी दोन किलो, शनिवार, पिंपरी. फोनवर मी तीनशे भाकरींना हो म्हटलं होतं. त्यानं दीडशे लिहिलं होतं.