डँडी-वॉकर विकृती आणि कर्माचा हिशेब

डँडी-वॉकर ही लहान मेंदूची जन्मजात विकृती आहे. लहान मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा मधला भाग गर्भातच खुरटतो किंवा तयारच होत नाही. त्याच्यासमोरची पाण्याची पोकळी फुगते आणि कवटीचा मागचा कप्पा मोठा होतो. साधारण २५ ते ३० हजार जन्मांमागे असे एखादे मूल आढळते. वॉल्टर डँडी यांनी १९१४ मध्ये आणि आर्थर वॉकर यांनी १९४२ मध्ये केलेल्या वर्णनांवरून हे नाव पडले. शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ लहान मेंदू सांभाळतो, म्हणून अशी मुले उशिरा बसतात, उशिरा चालतात. पुष्कळांच्या डोक्यात पाणी साठते आणि ते काढायला नळी बसवावी लागते. उलट एखाद्याला ही विकृती असल्याचे मोठेपणी, भलत्याच कारणाने केलेल्या स्कॅनमध्ये कळते.

गुणसूत्रांतील दोष, जनुकीय बदल, गरोदरपणातला रुबेला ही काही ज्ञात कारणे. पुष्कळदा कारण सापडतच नाही. मग गडमुडशिंगीसारखे गाव असो की कोल्हापूर शहर, बोट आईकडे वळते. ग्रहण पाळले नाही, विळी हातात धरली. नाहीतर मागच्या जन्मीचे पाप. ही दोन्ही कारणे एका दमात सांगितली जातात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. भोग मुलाच्या जीवाच्या कर्माचा असेल, तर आईच्या विळीचा संबंध काय?

कोल्हापूर परिसरात रुजलेली जैन परंपरा याबाबत फार काटेकोर आहे. शरीराची घडण नामकर्माने ठरते, ते ज्याचे त्यानेच बांधलेले असते, आणि कोणाचे कोणते कर्म उदयाला आले हे संपूर्णपणे केवलज्ञानी, म्हणजे सर्वज्ञच, जाणतो. शेजारीपाजारी त्यात बसत नाहीत. चरकसंहिता व्यंगाच्या कारणांत कर्म सांगते, पण बीजाचा दोष, गर्भाशय, काळ आणि आईचा आहारविहार यांच्या रांगेत. मोळिय सीवक या परिव्राजकाला उत्तर देताना बुद्धांनी तर सगळे भोग पूर्वकर्माचेच हे मत स्पष्ट नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणे मोजून कर्माला त्यांतले केवळ एक स्थान दिले.

तेव्हा कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही कर्माच्या नावाने आईवर ठपका ठेवता येत नाही. घरात असे मूल असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि मुलींना रुबेलाची लस वेळेवर, गर्भ राहण्याच्या पुरेशी आधी द्यावी.