खरे काम कोणते?

हल्ली आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली हायटेकमध्ये आहेत. पगार चांगला, मानही मोठा. तरी शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर त्यांची तक्रार ऐकू येतेच. प्रोग्राम लिहायला शिकलो आणि दिवस जातो चाचण्या लिहिण्यात, जुन्या आवृत्त्या बदलण्यात, दुसऱ्यासाठी टिपणे करून ठेवण्यात. खरे काम जेमतेम दोन तास!

आम्हां परिचारिकांना हे गाऱ्हाणे नवे नाही. नर्सिंगला येणाऱ्या मुलीला रोग्याची सेवा करावयाची असते. हाती येतात चादरी, बेडपॅन आणि वेळोवेळी भरावयाचा टेंपरेचरचा तक्ता.

परंतु 'खरे काम' ठरवावे कशावरून? करणाऱ्याच्या आवडीवरून, की ज्याच्यासाठी करावयाचे त्याच्या गरजेवरून? १८५५ साली स्कुटारीच्या लष्करी इस्पितळातील गटारे साफ झाली, हवा खेळती झाली, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची हाती दिवा घेतलेली तसबीर सर्वत्र दिसते. गटाराची तसबीर कोण लावतो?

संगणकातही तेच. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-दलाल कंपनीत नवा प्रोग्राम आठांपैकी सात सर्व्हरांवरच चढविलेला होता. आठव्यावर जुना, वापरातून गेलेला भाग तसाच पडून होता, आणि तो जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. दुसऱ्या माणसाने तपासून पाहावे असा लेखी नियमच तेथे नव्हता. रक्ताची बाटली लावताना आम्ही दोघीजणी नाव आणि नंबर वाचून ताडून पाहत असू. कंटाळवाणे होते खरे. पण चुकीचे रक्त गेले तर माणूस जातो.

कोकणात आपल्या वाडवडिलांना 'शनवार तेली' म्हणत. बी निवडणे, वाळविणे, बैलाची वैरण पाहणे ही तेल काढण्याहून निराळी कामे आहेत, असे त्यांना वाटले असेल काय?

म्हणून सगळाच कंटाळा पवित्र असे मात्र आम्ही म्हणत नाही. तक्ता रोग्यासाठी असतो. तीच माहिती तिसऱ्यांदा लिहावयाची ती कचेरीच्या कपाटासाठी. त्याबद्दल कुरकुर केली तर मुलांचे काय चुकले?

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे हे काम कोणाच्या वाट्याला येते. नव्याच्या, न बोलणाऱ्याच्या, बहुधा मुलीच्या. "ती नीटनेटके लिहिते" म्हणून मीटिंगची टिपणे तिच्याकडे द्यावयाची, आणि बढतीच्या वेळी विचारावयाचे, "हिने नवीन काय केले?" वॉर्डात रात्रपाळी निदान सर्वांना वाटून तरी येते. अशी मुलगी घरी येऊन चिडली तर तिला सबुरीचे धडे देऊ नयेत. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची पाळी कधी येते, तेवढे विचारावे.