हा रस कुणाचा?

माउली, कार्तिकी वारीहून घरी आलात की परसातल्या वालाच्या वेलाजवळ थोडा वेळ बसा. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा दाटलेला असेल आणि त्यातून मुंग्यांची ये-जा चाललेली दिसेल. आमच्या सोनपेठला हे हिवाळ्यात हमखास दिसते.

मुंगी आपल्या मिशांनी माव्याची पाठ हलकेच थोपटते. मावा गोड रसाचा थेंब सोडतो, मुंगी तो पिते. मावा खाणारा ढालकिडा आला, तर मुंग्या धावून जाऊन त्याला हुसकावतात. एकाने पाजायचे, दुसऱ्याने राखण करायची. केवढे हे प्रेम! माणसांनी असेच राहावे, असे मी एकदा प्रवचनातही सांगून गेलो.

मग एके दिवशी लक्ष वेलाकडे गेले. पाने आकसलेली, चिकटा पडून त्यावर काळी बुरशी चढलेली, शेंगा नावालाच. मावा पाजत होता तो रस वेलाचाच होता. आणि वेलाला कुणी विचारले नव्हते.

त्या रात्री मला आम्हा दोघा भावांची वाटणी आठवली. बांधावर एक शब्द वाढला नाही, गावाने वाखाणले. धाकट्या बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली, साडीचोळी केली, बसमध्ये बसवून दिले. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित शेतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. तिने मागितले नाही, म्हणून आम्ही विचारले नाही.

मुंगीला दोष देता येत नाही; वेलाचे दुःख तिला कळत नाही. आपल्याला कळते. नरदेहाचे मोल तेवढेच.

आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करी. पांडुरंग तिच्या जात्याला हात लावायला आला, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. एवढ्या भरल्या घरात देव कुणाजवळ जाऊन बसला, याचा मात्र विचार करत नाही.

म्हणून माउली, दोघांचे गोड चाललेले दिसले की आनंद जरूर माना. पण हा रस कुणाचा, एवढे विचारा. आपल्याच घरात आधी विचारा. मला उशीर झाला. संक्रांतीला बहिणीकडे जाणार आहे. तिळगूळ नेईनच, सोबत सातबाराही नेईन. भाऊही येतो म्हणाला आहे.

रामकृष्ण हरी.